गेले तेवढे पाणी भरून काढा



या सदरात आपण नेहमी पिकाच्या पाण्याचा हिशेब मांडतो. आज माणसाच्या अंगातल्या पाण्याचा मांडायचा आहे. मृगाचा पाऊस होऊन गेला की ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी विहिरीत उतरते आणि आठ-पंधरा दिवसांत गावात हगवण सुरू होते. अशा वेळी घराघरांत जे उपाय होतात त्यांतले काही फार चांगले असतात आणि काही जिवावर बेतणारे. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. त्यामुळे रोगावरचे औषध मी सांगणार नाही. पण पाणी, मीठ आणि मुळी यांचे नाते हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे आणि माणसाच्या आतड्यातही जवळजवळ तोच कारभार चालतो. म्हणून लिहितो.

साठ किलो वजनाच्या धडधाकट माणसाच्या अंगात अदमासे ३५ लिटर पाणी असते. त्यातले रक्त चार-पाच लिटर. तान्ह्या मुलाच्या वजनात तर तीन-चतुर्थांश पाणीच असते. हे पाणी गोडे नसते, खारट असते. घाम किंवा डोळ्यांतले पाणी जिभेला लागले की कळतेच. जुलाबावाटे जाते तेव्हाही ते मीठ घेऊनच जाते. आता दहा किलोचे मूल धरा. त्याच्या अंगातून एक लिटर पाणी गेले की त्याचा जीव धोक्यात येतो. एक लिटर म्हणजे किती? एक तांब्या! जोराची हगवण आणि ओकाऱ्या लागलेले मूल एका दिवसात तेवढे पाणी घालवू शकते. मोठ्या माणसाला जोराची पटकी झाली तर एका तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. आपल्या आजे-पणज्यांच्या काळात मरीआईचा कोप म्हणत ती हीच पटकी. सकाळी शेतावर गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत जायचा, तो मुख्यतः अंगातले पाणी आणि मीठ संपल्यामुळे जायचा.

हे एकदा ध्यानात आले की आपली एक जुनी रीत किती उलटी आहे ते दिसते. जुलाब लागले की आपण पाणी तोडतो. ‘वरून दिले की खालून जाते, पोटाला विश्रांती द्या’ असे घरातले वडीलधारे सांगतात. सांगण्यात त्यांची माया असते, पण ते सुकत चाललेल्या रोपाचे पाणी बंद करण्यासारखे आहे. पाणी दिल्याने जुलाब लगेच थांबत नाहीत हे खरेच आहे, आणि ते मी लपवून ठेवणार नाही, कारण याच कारणाने पुष्कळ आया दोन वाट्या पाजून पुढे सोडून देतात. हे पाणी जुलाब थांबवण्यासाठी नसते. गेलेले भरून काढण्यासाठी असते. जुलाब बहुधा आपल्या मुदतीने थांबतात, तोवर मूल जगले पाहिजे.

अंगातून गेलेले पाणी परत घालावे ही साधी गोष्ट माणसाला कळायला फार काळ लागला. १८३१-३२ मध्ये विलायतेत पटकीची मोठी साथ आली. ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवून दिले. हेच गृहस्थ पुढे कलकत्त्याला आले आणि हिंदुस्थानातली तारयंत्राची व्यवस्था त्यांनी उभारली. त्यांचे म्हणणे वाचून स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या थॉमस लाटा या डॉक्टरने १८३२ साली मरणाला टेकलेल्या एका म्हातारीच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. खोल गेलेले डोळे उजळले, नाडी हाताला लागू लागली. बाई सावरली असे समजून डॉक्टर निघून गेले. मागे जुलाब परत सुरू झाले, भरलेले पाणी पुन्हा वाहून गेले आणि काही तासांत ती दगावली. उपाय बरोबर होता, पण एकदा भरून भागत नाही. गळती चालू आहे तोवर भरणेही चालू ठेवावे लागते. टाकीला भोक असताना मोटर एक तास चालवून बंद केली तर काय होईल ते तुम्हांला सांगायला नको.

शिरेतून पाणी देण्याची ही रीत पुढे सुधारत गेली आणि तिने असंख्य जीव वाचवले. पण तिला बाटली लागते, सुई लागते, जाणता माणूस लागतो. साथीच्या दिवसांत गावोगाव हे कोठून आणायचे? तोंडाने पाजलेले नुसते मीठपाणी पटकीच्या रोग्याच्या आतड्यात फारसे शोषले जात नाही, तेही जुलाबात जाते. ही कोंडी फोडली ती साखरेने. आतड्याच्या आतल्या अस्तरात मीठ आत घेणारी एक वाट अशी आहे की तिथे मिठाला एकट्याला प्रवेश नाही. साखरेचा हात धरून आले तरच मीठ आत जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. पटकीच्या विषाने बाकीचा कारभार बिघडला तरी ही वाट चालू राहते. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी या डॉक्टरांनी १९५३ मध्येच पटकीच्या रोग्यांना साखर-मिठाचे पाणी तोंडाने देऊन गुण आल्याचे प्रसिद्ध केले होते. पण तेव्हा त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६८ मध्ये ढाक्याला पद्धतशीर प्रयोग झाले तेव्हा कुठे डॉक्टर मंडळींना ते पटू लागले.

खरी कसोटी १९७१ साली लागली. बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. सरहद्दीवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातांत पेला दिला. परिचारिका नाहीत तर आईने पाजावे, भावाने पाजावे! शंभरातले वीस-तीस रोगी दगावत होते ते प्रमाण चाराच्याही खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. सन्मान फार उशिरा झाला असे माझे मत आहे.

पण मला स्वतःला या हकिगतीतला पुढचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. औषध सापडले तरी ते खेड्यातल्या चुलीपर्यंत पोचवायचे कसे? बांगलादेशात ‘ब्रॅक’ नावाच्या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत गावच्या बायकांना शिकवून घरोघर पाठवले. घरात पुडी नसेल तर अडायचे नाही: तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. आईने ते समोर करून दाखवायचे, मग चव घ्यायची. सुमारे १ कोटी २० लाख घरांत हे शिक्षण गेले. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना किती घरे फिरली यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसऱ्याने जाऊन आईला किती आठवते ते तपासायचे आणि त्यावर पैसे द्यायचे. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांना आणि मेळाव्यांना हा नियम लावला तर आमच्यापैकी किती जणांचा पगार निघेल? असो. तिथेही आधी एक अडचण आलीच. आयांना सारे तोंडपाठ होते, पण जुलाब लागल्यावर करून पाजणाऱ्या थोड्या. पुरुष मंडळींशी कोणी बोललेच नव्हते आणि शिकवणाऱ्या बायका स्वतःच्या घरी ते वापरत नव्हत्या. दोन्ही गोष्टी सुधारल्यावर काम मार्गी लागले.

आता प्रमाणाविषयी, कारण इथेच घोटाळा होतो. खारवट जमिनीत तुम्ही पाहिलेच असेल: वाफ्यात पाणी उभे असते आणि पीक मात्र मान टाकते. जमिनीतले क्षार इतके वाढलेले असतात की मुळीला पाणी ओढताच येत नाही. आतड्याचेही असेच आहे. पाण्यात मीठ किंवा साखर जास्त झाली की ते पाणी अंगात शिरायच्या ऐवजी अंगातलेच पाणी आतड्यात खेचते. म्हणून ‘जरा जास्त टाका, ताकद येईल’ हे इथे चालत नाही.

आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ओआरएसची पुडी फुकट मिळते. २००२ पासून जगभर धरलेल्या प्रमाणात लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. लिटरची पुडी लिटरातच घालायची, सगळी घालायची. अर्धी पुडी पेल्यात आणि अर्धी उद्याला असे करू नका. बाजारात पेलाभर पाण्याची, २०० मिलीची लहान पुडीही मिळते, म्हणून पुडीवरचा मजकूर वाचायचा. स्वतःला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यायचा. पाणी उकळून गार केलेले असावे. कालवलेले २४ तासांत संपवावे, उरले तर ओतून द्यावे. दुकानात खोक्यातली गोड पेये ओआरएस म्हणून विकली जात. त्यांत साखर फार असते. खऱ्या प्रमाणात नसलेल्या पेयाला ओआरएस हे नाव लावायचे नाही, असा आदेश केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. तेव्हा पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचा उल्लेख आहे का ते पाहून घ्या.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा शीग काढून, बोटाने सपाट केलेला. शिगोशीग भराल तर मीठ दुप्पट होईल. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर टाकून द्या आणि नवे करा. याखेरीज मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी हेही चांगले. घट्ट गोड चहा आणि शीतपेये नकोत.

किती पाजायचे? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक पेला, मोठ्या माणसाला मागेल तितके. घटाघटा नाही, लहानग्याला चमच्या-चमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचे दूध मुळीच तोडू नका. जेवणारे मूल असेल तर मऊ भात, खिचडी चालू ठेवा. आशाताई जस्ताच्या गोळ्या देतात त्या १४ दिवस द्यायच्या; जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात ठेवू नका. घरात हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी असेल तर त्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

घरचा उपाय कुठे थांबतो हेही पक्के ठाऊक हवे. मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. चटकन जागेवर गेली तर ठीक. वळी तशीच राहून हळूहळू उतरली तर पाणी पुष्कळ गेले आहे. डोळे खोल, रडताना पाणी नाही, सहा तासांत लघवी नाही, टाळू खाली बसलेली. अशा वेळी टाळूवर तेल भरत बसण्यात वेळ जातो, टाळू आतल्या पाण्याने वर येते, वरच्या तेलाने नाही. मूल ग्लानीत असेल, पिऊ शकत नसेल, प्यालेले सगळे ओकत असेल किंवा शौचात रक्त असेल, तर निघायचेच. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत आणि वाटेतही पिऊ शकत असेल तर पाजत राहा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र थेंबही ओतू नका, तो श्वासनळीत जातो. अशा रोग्याला शिरेतूनच पाणी हवे आणि झपाट्याने हवे. दहा किलोच्या मुलाला काही तासांत एक लिटर सलाईन डॉक्टर देतात, त्यातला पहिला तिसरा हिस्सा अर्ध्या ते एक तासात. इथे सलाईनला पर्याय नाही.

आणि जिथे सलाईन लागत नाही तिथे आपण ती मागून घेतो! पेरणीच्या धावपळीने थकलेली एक आजी दवाखान्यात म्हणत होती, ‘डॉक्टरसाहेब, गोळ्या नगं, एक बाटली लावा, अंगात तरतरी यील.’ डॉक्टर भले होते, म्हणाले, ‘आजी, सकाळपासून जेवलात का?’ आजी जेवली नव्हती. आता बाटलीत काय असते ते पाहू. नेहमीच्या ग्लुकोज-सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. त्या साखरेचे बळ ज्वारीच्या पावभर भाकरीएवढेही जेमतेम. त्यासाठी शेकडो रुपये मोजायचे, अर्धा दिवस खाटेवर पडायचे आणि सुईच्या जागी पू होण्याचा धोका पत्करायचा. ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे त्याच्या फुप्फुसात हे जास्तीचे पाणी साठून धाप लागते.

‘पाणीच तर आहे, त्याने काय बिघडणार?’ असे कोणी म्हटले तर त्याला आफ्रिकेतली गोष्ट सांगा. युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांवर मुलांवर मोठी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. ही मुले जुलाबाची नव्हती. कडक तापाने हातपाय गार पडलेली होती. काहींना शिरेतून झपाट्याने पाणी दिले, काहींना तसे दिले नाही. दोन दिवसांत झपाट्याने पाणी दिलेल्यांपैकी शंभरात दहाहून अधिक दगावली, न दिलेल्यांपैकी सातच्या आसपास. ज्याचे पाणी गेलेले नाही त्याला पाणी कोंबणे हे निचरा नसलेल्या काळ्या रानात पाण्यावर पाणी देण्यासारखे आहे. मुळ्या गुदमरतात.

शेतावरच्या अपघातात हिशेब आणखी निराळा. मळणी यंत्रात हात सापडला, विळा लागला, ट्रॅक्टर उलटला, तर जाते ते रक्त. तिथे पहिले काम पाणी देण्याचे नाही, गळती बंद करण्याचे. स्वच्छ फडके जखमेवर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबा आणि दाब सोडू नका; फडके भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका. मोठ्या जखमेच्या किंवा पोटाला मार लागलेल्या माणसाला पाणीही पाजू नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि भूल देताना पोटातले वर येते. रक्ताचे काम सलाईन करू शकत नाही. सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, आणि फार दिली तर उरलेले रक्त पातळ होऊन गोठेनासे होते. म्हणून आता डॉक्टर रक्तस्राव आधी थांबवतात आणि रक्त गेले असेल तर रक्तच देतात. तरुण मुलांनी आपला रक्तगट तपासून घ्यावा आणि तालुक्याच्या शिबिरात रक्त द्यावे, ते यासाठी.

भाजल्याचे पुष्कळांना ठाऊक नसते. कातडी ही अंगाच्या पाण्याचा बांध आहे. ती जळाली की आतले पाणी पाझरत राहते, बाहेर आणि आतल्या सुजेतही. मोठ्या भाजण्यात डॉक्टर साधारण असा हिशेब धरतात: वजनाच्या किलोमागे, भाजलेल्या प्रत्येक टक्क्याला चार मिली. म्हणजे ५० किलोची बाई २० टक्के भाजली तर पहिल्या चोवीस तासांत चार लिटर, आणि त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून मोजत नाहीत, भाजल्या क्षणापासून मोजतात. घरी वीस मिनिटे वाहते गार पाणी, मग कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून गाडीत. तेल, दंतमंजन, शाई, शेण लावण्यात आणि कुठे न्यायचे यावर भावकीची बैठक भरवण्यात गेलेला प्रत्येक तास त्या आठांतून वजा होतो.

जाता जाता गोठ्याकडे एक नजर. वासराला हगवण लागली की त्याचे दूधही आपण तोडतो. तोडू नका. दूध त्याच्या वेळेला आणि साखर-मिठाचे पाणी मधल्या वेळेला, वेगवेगळे द्या. वासरू चोखत नसेल, मान टाकून पडले असेल तर बांबूच्या नळीने घशात ओतू नका. पाणी फुप्फुसात जाऊन ते त्यानेच मरते. पशुवैद्यकाला बोलवा, त्यालाही शिरेतून पाणी देता येते. विहिरीत टीसीएल पावडर किती आणि कशी टाकायची ते पुढील अंकी.